कार्डावरची दुसरी बाई

८ जानेवारी, बुधवार

व्याख्यानमालेच्या मंडळानं मला सोळा मार्चला बोलवलंय. विषय त्यांनीच दिला: 'शेजारचे देश आपल्या माणसांना बरं कसं करतात.' दरवर्षी ही मंडळी जळगावहून एखादा प्राध्यापक आणतात. यंदा माझ्याकडे का वळली, याचा मला संशय आहे. एक तर प्राध्यापक आजारी असणार, नाहीतर बुऱ्हाणपुरातली बाई रिक्षाभाडंही मागत नाही हे कुणीतरी सांगितलं असणार.

म्हणून ही वही. व्याख्यानाची टिपणं इथं, आणि सदरात छापता येत नाही तेही इथंच. तसं न छापलेलं फार उरलेलं नाही. अकरा वर्षं साप्ताहिकात लिहितेय, घरचं बहुतेक वापरून झालंय. नवऱ्याची मूळव्याध दोन भागांत आली होती. भाईदास म्हणतो, "माझी मूळव्याध भुसावळपर्यंत वाचली लोकांनी." पेपर मिलमध्ये बावीस वर्षं कागदाचे रीळ मोजून जी प्रसिद्धी मिळाली नाही, ती दोन आठवड्यांत मिळवून दिली. तेव्हापासून तो सर्दी झाली तरी मला सांगत नाही. कृतघ्नपणा, दुसरं काय.

सासूबाई काल त्यांच्या गावी, दापोऱ्याला जाऊन आल्या. नेहमीप्रमाणे उखर्डूच्या रिक्षातून. उखर्डू म्हणजे त्यांच्या नणंदेचा मुलगा. येताना दोन केळफुलं आणली आणि आल्या आल्या झोपल्या. आज दुपारपर्यंत उठल्या नाहीत. विचारलं तर म्हणे, "दापोऱ्याचं ऊन लागलं वं." जानेवारीत! तिकडचे भाऊबंद चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईकडून शेतात काम करवून घेतात असा मला दाट संशय आहे.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या निमित्तानं भाईदासनं मावा जिलेबी आणली. सासूबाईंनी एक घास घेऊन ताटलीत ठेवली. "लोखंड चाटल्यावानी लागते." आमटीबद्दलही परवा हेच म्हणाल्या. माझ्या स्वयंपाकावर सत्तावीस वर्षांत इतकी तिरकी टीका त्यांनी केली नव्हती. वय झालं की माणसं खरं बोलू लागतात असं ऐकलं होतं. आमच्याकडे उशिरा सुरू झालंय.

न्हाणीघराच्या मोरीत केसांचे पुंजके अडकतात. माझेच असणार, पन्नाशी ओलांडली. शाम्पू बदलला आणि आधीचा ज्यानं दिला त्या इतवाऱ्यातल्या दुकानदाराशी भांडून आले. तो म्हणाला, "मॅडम, पूरा शहर हाच शाम्पू वापरतो." म्हटलं, म्हणूनच पूर्ण शहर टोपी घालून फिरतं.

टिपण: श्रीलंका. सरकारी दवाखान्यात जा, काय दुखतं ते सांगा, उपचार घ्या. विम्याचं कार्ड नाही. रांगा लांब असतात, काही औषधं बाहेरून आणावी लागतात, पण तुम्ही कोण याचा पुरावा दिल्याशिवाय कुणी दारातून परत पाठवत नाही. सहज विश्वास बसत नाही. आणखी दोन ठिकाणी ताडून पाहायला हवं.

२८ जानेवारी, मंगळवार

आज एक गंमत झाली. गंमत नव्हे, गुन्हा.

दुपारी माझ्या फोनवर संदेश आला. "गोदाबाई, आपके कार्ड पर आज उपचार दर्ज हुआ है. यदि यह उपचार आपने नहीं लिया है, तो शिकायत दर्ज करें." सासूबाईंच्या सत्तरीपुढच्यांच्या सरकारी फुकट उपचाराच्या कार्डाला माझा नंबर जोडलेला आहे, कारण त्यांच्याकडे फोन नाही. असले संदेश मी जाहिरात समजून न वाचता सोडते. आज मागे जाऊन पाहिलं, तर असेच आणखी दोन: सात जानेवारी आणि सतरा डिसेंबर.

तीन उपचार! आणि कार्डाची मालकीण आज सकाळपासून दापोऱ्याला. संध्याकाळी केळफूल घेऊन आल्या तेव्हा दारातच विचारलं.

"आई, तुम्ही कुठल्या दवाखान्यात गेला होतात का?"

"मी? मी तं दापोऱ्याले होते. काहून?"

"तुमच्या कार्डावर कुणीतरी उपचार घेतंय."

त्या चप्पल काढता काढता थांबल्या. मग म्हणाल्या, "घेऊ दे ना बाप्पा. कोनाले तरी लागत असीन."

हा त्यांचा भोळेपणा. यावरच चोरांची पोटं भरतात.

२९ जानेवारी

झोप आली नाही म्हणून सकाळी लवकर उठून विचार केला. कार्ड घरातच आहे, लोखंडी कपाटात, साडीखाली. मग दवाखान्यात पोचलं कसं?

ऑक्टोबरातलं शिबिर आठवलं, जिथं हे कार्ड काढलं. यंत्रानं सासूबाईंचा अंगठा सात वेळा नाकारला होता. चाळीस वर्षं केळीचे घड उतरवून, चिकानं आणि विळ्यानं त्या बोटांवरच्या रेषाच गेल्यात. शेवटी डोळा टिपून काम भागलं. मी त्यावर 'बिनरेषेची बाई' म्हणून लिहिलं. सदर फार गाजलं. इतवाऱ्यातली भाजीवाली त्यांना पाहून ओरडली, "आल्या का बिनरेषेच्या आजी!" सगळा बाजार हसला. सासूबाईही हसल्या. म्हणजे पदर तोंडाला लावला होता, पण हसल्याच असतील.

मुद्दा असा की ज्या बाईचा अंगठा उमटत नाही, तिच्या नावावर दुसरी कुठलीही बाई उभी करणं सोपं. हे चोरानं ओळखलं. कसं ओळखलं? माझं सदर वाचून. म्हणजे चोर मराठी वाचतो. वर्तुळ लहान होत चाललंय.

२ फेब्रुवारी

वर्तुळ आणखी लहान झालं. भाईदासला सहज विचारलं, आईंच्या कार्डाची झेरॉक्स कुणी मागितली होती का?

"उखर्डूनं नेली होती डिसेंबरात."

"आणि तू दिलीस?"

"आईनंच द्यायला सांगितली. मी म्हटलं असेल काही काम."

असेल काही काम! या घरात संशय घेण्याचं सगळं काम माझ्या एकटीवर आहे.

उखर्डूचं वय पंचेचाळीस. रिक्षा स्वतःची. दापोरा, शाहपूर, इतवारा अशा फेऱ्या मारतो, दवाखान्यांसमोर उभा राहतो, दर दवाखान्यातला वॉर्डबॉय ओळखीचा. मंगळवारी आमच्या म्हातारीला दापोऱ्याला सोडायचं, आणि मधल्या वेळेत तिच्या कार्डावर दुसऱ्या कुणा म्हातारीला बरं करायचं. योजना सोपी आहे. मला स्वतःला सुचली असती तर मी कादंबरी लिहिली असती.

७ फेब्रुवारी

टिपणं. भूतान: फुकट मूलभूत आरोग्यसेवा राज्यघटनेतच लिहून ठेवली आहे, आधुनिक आणि पारंपरिक दोन्ही. नेपाळ: कुटुंबानं दरवर्षी हप्ता भरून विम्यात नाव घालायचं. पुढच्या वर्षी बरेच जण नाव चालू ठेवत नाहीत. बांगलादेश: गावानं जागा द्यायची, सरकारनं तिथं छोटं क्लिनिक उभारायचं. खोकला-तापाला उत्तम, मोठ्या आजाराला मात्र बहुतेकांचा हात स्वतःच्याच खिशात जातो. थायलंड: जमिनीनं शेजार नाही, पण अंदमानवरून डोकावता येतं. 'तीस बाटमध्ये बरे व्हा' अशी योजना काढली आणि लोकांनी ती उचलून धरली.

आपण: मोठ्या आजारासाठी कार्ड. चांगलंच आहे. फक्त कार्डावरचा माणूस तोच आहे का, यावर सगळं अडतं. व्याख्यानाचा गाभा मला हाच दिसतो. इतर देशांत आजार सिद्ध करतात, आपल्याकडे आजारी माणूस.

हे वाक्य भाईदासला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे. आईला थोडी पेज करून देशील? दोन दिवस जेवली नाही." वाक्यावर याहून थंड प्रतिक्रिया मला कधी मिळाली नव्हती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सापळा लावला. सकाळी उखर्डू सासूबाईंना घ्यायला आला तेव्हा मी मुद्दाम दारात उभी राहिले. त्यांनी लोकरीची कानटोपी घातली होती, त्यावर मफलर, त्यावर पदर. बाहेर उकडायला लागलंय. म्हटलं, "आई, टोपी काढा की. काश्मीरला चाललात का?" तर टोपी दोन्ही हातांनी धरून रिक्षात बसल्या.

उखर्डूला म्हटलं, "काय रे, दवाखान्याच्या फेऱ्या जोरात आहेत म्हणे?"

त्यानं आधी मामीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "वहिनी, सवारी नेईल तिकडे जातो आपण."

"आणि कार्ड?"

"कौनसं कार्ड?"

अपराधी माणूस हिंदीत शिरतो, हे माझं जुनं निरीक्षण.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी संदेश आला. तेच शब्द. आता दर एकविसाव्या दिवशी, मंगळवारीच! एवढ्या शिस्तीनं आमच्या मिलची पाळीसुद्धा बदलत नाही.

संध्याकाळी सासूबाई परतल्या. नखं काळी पडलेली. म्हणाल्या, केळफूल सोलून. केळफुलाचा चीक बोटांना लागतो हे खरं, पण यांची नखं मुळापासून काळी आहेत. म्हणजे टोपलीभर तरी सोलून घेतली असणार तिकडच्यांनी. आणि भाजी केली तर स्वतः खात नाहीत.

१९ फेब्रुवारी

टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. पलीकडची मुलगी गोड होती.

"मॅम, लाभार्थी से आपने पूछ लिया है?"

"दोनदा विचारलं. ती त्या दिवशी दवाखान्यात नव्हतीच."

"आपको किसी पर शक है?"

जन्मभर या प्रश्नाची वाट पाहिली होती. सविस्तर सांगितलं. तिनं नोंद केली. तपास होईपर्यंत कार्ड बंद राहील म्हणाली. म्हटलं, अवश्य बंद करा. आमच्या घरात सध्या कुणी आजारी नाही.

सासूबाईंना मुद्दाम सांगितलं नाही. त्या उखर्डूला सांगतील आणि पाखरू उडेल.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सासूबाईंनी उपास धरला नाही. हे पहिल्यांदाच. "यंदा नही जमत," एवढंच म्हणाल्या. देवावरही यांचा संशय बसला असेल तर आमचं पटायला लागेल.

११ मार्च, मंगळवार

विजय! आज संदेश आला नाही.

सासूबाई सकाळी गेल्या त्या अकरा वाजताच परत. केळफूल नाही. दापोऱ्याला कुणी घरी नव्हतं म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुपारी चारच्या सुमारास उखर्डू दारात. आत येईना, चपलाही काढीना.

"वहिनी, मामीचं कार्ड बंद झालंय म्हणे."

मी हातातली पळी खाली ठेवली. "तुला कसं कळलं?"

त्यानं मागं रिक्षाकडे पाहिलं.

"बोल ना! कार्ड कपाटात, संदेश माझ्या फोनवर. बंद झालेलं तुला कसं कळतं? दवाखान्यात काय करत होतास?"

"वहिनी, ते चालू करा लवकर. इतकंच सांगायला आलो."

"का? कुणाचं अडलंय?"

त्याच्या तोंडून काहीतरी येणार होतं. एवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "उखर्डू. तू जाय. शपथ आहे तुले."

त्यानं पायरीवर उभ्या उभ्या डोळे पुसले. पश्चात्ताप असावा. मी त्याला स्पष्ट सांगितलं, आजपासून आईंना न्यायला यायचं नाही. तो म्हणाला, "तुम्ही लिहा वहिनी. तुमचं काम लिहिण्याचं आहे," आणि रिक्षा सुरू न करताच थोड्या अंतरापर्यंत ढकलत नेली.

सासूबाईंनी चोराला शपथ का घातली? नातलग म्हणून पाठीशी घालतात. पन्नास वर्षांचं माहेर-सासर एका गावात असलं की न्याय आंधळा होतो.

१४ मार्च

धुळवड. भाईदास रंगून आला. आईच्या पाया पडून तिच्या गालाला रंग लावायला गेला, तर त्यांनी हातानं डोक्यावरचा पदर घट्ट धरला आणि नको नको केलं. तो खट्टू झाला. मला म्हणाला, "आई वाळली आहे गं. गळ्याची हाडं दिसतात."

म्हटलं, उन्हाळा लागला की म्हाताऱ्या वाळतातच. पण मग मीही जरा निरखून पाहिलं. भुवया विरळ झाल्यात. वयानं होतं असं.

१६ मार्च, रविवार

व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं. मिलच्या वसाहतीतली जुनी मराठी मंडळी, शाहपूरहून आलेले दोघे-तिघे बागाईतदार, आणि पुढच्या रांगेत सासूबाई. यायचा हट्ट त्यांनीच धरला. भाईदासच्या खांद्याला धरून पायऱ्या चढल्या.

लंका, भूतान, नेपाळ, सगळं व्यवस्थित मांडलं. मग मी म्हणाले, आता परदेश पुरे, आमच्या घरात या. आणि कार्डावरच्या दुसऱ्या बाईची गोष्ट सांगितली. नाव कुणाचं घेतलं नाही, पण 'एक रिक्षावाला नातलग' म्हटल्यावर निम्म्या सभागृहाला कळलं. "ही दुसरी बाई कोण आहे ठाऊक नाही," मी म्हटलं, "पण ती दर एकविसाव्या दिवशी माझ्या सासूच्या नावानं बरी होतेय आणि माझी सासू मात्र दिवसेंदिवस वाळतेय!" काय हशा पिकला. टाळ्या थांबेनात. अध्यक्ष म्हणाले, असं धाडस हवं.

घरी येताना सासूबाई रिक्षात माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "चांगली बोलली तू. त्या लंकेत बायांले खरंच कोनी इचारत नही, तू तूच व्हय का म्हनून?"

"नाही विचारत."

"मंग तिथी कोनी कोनाची तक्रारबी करत नशीन."

मुद्दा चांगला होता. व्याख्यानात घ्यायला हवा होता.

२० मार्च, गुरुवार

हे लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले.

सकाळी तपासणीचा माणूस आला. विपुल नाव. पंचविशीचा मुलगा, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. उखर्डूलाही बोलावून घेतलं होतं. तो जिन्याजवळ उभा राहिला. भाईदासनं मिलला दांडी मारली. मी चहा केला. आज सोक्षमोक्ष म्हणून चांगले कप काढले.

विपुल सासूबाईंसमोर पाटावर बसला. "माताजी, मी चार तारखा सांगतो. ह्या चार दिवसांत तुम्ही इलाज घेतला का? घाबरू नका, खरं सांगा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून धीर दिला.

"नही," त्या म्हणाल्या. "मी नही गेली."

"पक्का?"

"मी दापोऱ्याले होते."

जिन्याजवळ उखर्डू एकदम म्हणाला, "मामी!" आणि तोंडावर हात ठेवला. विपुल गोंधळला. टॅबलेटवर बोट फिरवू लागला. "मग मॅडम, अडचण आहे. दर वेळी पेशंटचा फोटो घ्यावाच लागतो. अंगठा लागत नाही म्हणून ह्या केसमध्ये चेहऱ्याचाच फोटो आहे. तो हा फोटो कोणाचा?"

मी टॅबलेट त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावला. चोर अखेर सापडला होता.

फोटोत खुर्चीवर बसलेला एक म्हातारा. डोक्यावर एक केस नाही, भुवया नाहीत, हाताला सलाईन.

"अहो, हा तर पुरुष आहे!" मी ओरडले. "भाईदास, बघ! पुरुषाला बाईच्या कार्डावर…"

भाईदासनं पाहिलं. टॅबलेट माझ्याच हातात ठेवून तो भिंतीला टेकला आणि तिथंच खाली बसला. मी पुन्हा पाहिलं. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. रोज सकाळी माझ्या हातून चहा घेताना कपाच्या काठावर दिसणारे. सत्तावीस वर्षं.

"पदर घसरला व्हता तव्हा," सासूबाई म्हणाल्या. फोटोबद्दल माफी मागितल्यासारख्या.

मग सगळं उखर्डूनं सांगितलं. नोव्हेंबरात त्यांना छातीत गाठ लागली. त्या त्याच्याकडे रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, रिक्षा आण. सहा वेळा सलाईन लावायची ठरली होती. चार झाल्या. पाचवी अकरा मार्चला. त्या दिवशी खिडकीवर सांगितलं, आजी, कार्डावर चोरीची तक्रार आहे, तुम्ही कोण?

"आई, मला तरी सांगायचं," भाईदास म्हणाला.

"तुले सांगतलं असतं तं सांजेपर्यंत इले कयलं असतं. आन् इले कयलं म्हंजे छापून आलं असतं." हे त्या अजिबात रागानं म्हणाल्या नाहीत. बाजारातले भाव सांगावेत तसं. "आंगठ्याचं ठीक व्हतं वं. हे कसं लिव्हलं असतं तू? आन् बजारातल्या बाया काय म्हनल्या असत्या मले?"

काय लिहिलं असतं ते मला लगेच सुचलं होतं. शीर्षकासकट.

विपुल खाकरला. "मॅडम, तक्रार तुमची आहे. वापस पण तुम्हालाच घ्यावी लागेल. कारण निवडा." टॅबलेटवर तीन पर्याय होते: गैरसमज, चुकीचा नंबर, इतर. मी 'इतर' दाबलं.

"इतर घेतलं तर लिहावं लागतं, मॅडम. गलतफहमी घेऊन टाका ना."

गैरसमज व्हायला आधी काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करावा लागतो. दर आठवड्याला मी आठशे शब्द लिहिते, कधी खाडाखोड करत नाही. त्या चौकटीत एक ओळ लिहायला वीस मिनिटं लागली. चांगल्या कपांतला चहा गार झाला. लिहिलं ते असं: तक्रार करणारीनं रुग्णाकडे नीट पाहिलं नव्हतं.

विपुलनं वाचलं. म्हणाला, "चालेल."

२२ मार्च

कार्ड अजून उघडलेलं नाही. दोन दिवस लागतील म्हणतात. मी दर तासाला फोन पाहते.

डॉक्टरांना भेटून आले. उशीर झालाय, त्यानं किती फरक पडेल हे आज सांगता येत नाही, म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते पाहत राहिले. काही कळलं नाही.

रात्रीच्या जेवणाला पेज दिली तेव्हा सासूबाईंना विचारलं, "त्या माणसासमोर तुम्ही नाही का म्हणालात? कार्ड कायमचं गेलं असतं."

"तू साऱ्या गावापुढं बोलली व्हती ना. मी हो म्हटलं असतं तं तू तोंडावर पडली असती."

पेजेत मीठ कमी होतं. त्यांनी मागितलं नाही.

उखर्डूच्या घरी जाऊन आले. त्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माफी मागितली तर म्हणाला, "जाऊ द्या वहिनी." मग, "हे लिहिणार नाही ना?" त्याची बायकोसुद्धा स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या पर्सकडे पाहत होती, वही तर नाही ना म्हणून.

संपादकांचा फोन आला, व्याख्यानाचा वृत्तान्त आणि त्या कार्डाच्या भानगडीचं पुढचं पाठवा, लोक विचारतायत. म्हटलं, पुढचं काही नाही. ती दुसरी बाई सापडली का? म्हटलं, नव्हतीच. तापीकाठच्या डासांवर काहीतरी खरडून पाठवलं. डास तक्रार करत नाहीत.

२५ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी कार्ड उघडलं. आज सकाळी उखर्डू आला. रिक्षात सासूबाईंच्या शेजारी मी बसले. त्या सरकल्या, जागा द्यायला की अंतर ठेवायला, ते कळलं नाही.

दवाखान्याच्या खिडकीवर आधी अंगठा. यंत्रानं नाकारला. मी त्यांचं बोट माझ्या पदरानं पुसलं, पुन्हा ठेवलं. नाकारला. तिसऱ्यांदा खिडकीतली मुलगी म्हणाली, "राहू द्या आजी, चेहरा दाखवा. पदर काढा जरा."

रांगेत मागे वीसेक माणसं होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या आणि रांगेच्या मध्ये उभी राहिले, माझ्या पदराची दोन्ही टोकं हातात धरून पडद्यासारखी पसरली. टोपी त्यांनीच काढली. मी पाहिलं. या वेळी नीट. डोकं लहान आहे, उजव्या कानामागे जुन्या जखमेचा वण आहे. विळ्याचा असावा. कधी विचारलं नव्हतं.

सलाईन सुरू झाली. मी स्टुलावर बसले. दोन वाजायच्या सुमारास पर्समधला फोन वाजला.

"काय म्हनते तो?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. गोदाबाई, तुमच्या कार्डावर आज उपचार नोंदवला आहे. हा उपचार तुम्ही घेतला नसेल तर तक्रार करा.

त्यांनी डोळे उघडले. "सांग त्याले, मीच व्हय म्हना."

"त्याला उत्तर नाही पाठवता येत आई. तक्रार केली नाही की त्यांना कळतं, तुम्हीच आहात."

त्यांनी थोडा विचार केला. मग सुई नसलेला हात पुढे केला. "आन तो फोन इकडं."

मी दिला. त्यांनी तो पालथा करून मांडीखाली ठेवला, वरून साडी सारखी केली आणि पुन्हा डोळे मिटले. सलाईन संपेपर्यंत परत दिला नाही.